चढणीचे मासे पहिले आठ दिवस सोडता येतील का?

पऱ्याकाठी | १७ एप्रिल २०२५, रात्री १०:१२

मंडळी, पाऊस दीड महिन्यावर आलाय म्हणून अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशांचा विषय आत्ताच काढतोय. जूनमध्ये काढला की उशीर झालेला असतो.

माझं गाव संगमेश्वर तालुक्यात. घराच्या खालच्या अंगाला पऱ्या, म्हणजे ओढा, दोन्ही काठांना भातखाचरं, आणि पऱ्या पुढे जाऊन शास्त्री नदीला मिळतो. लहानपणी पहिला मोठा पाऊस झाला की आजोबा अंगणात उभे राहून कान द्यायचे. पऱ्याचा आवाज बदलला की म्हणायचे, "आज चढतील." मग बत्ती, कोयता, खोईन (मासे धरायचा सापळा) घेऊन सगळी वाडी खाली. मळ्ये, शिंगट्या, मरळ, एखादा शिवडा. खाचराच्या बांधावरून पाणी खाली पडायचं त्या पाण्यात मासे उलटे चढताना मी शेकड्यांनी पाहिलेत. चढणीचे मासे खाल्ले नाहीत असं कोकणातलं घर सापडणं कठीण.

आता काय दिसतं ते सांगतो. २०२३ ला मॉन्सून ११ जूनला रत्नागिरीत पोचला आणि पुढचे दहा-बारा दिवस तिथेच अडून राहिला. पहिल्या सरीला मासे चढले. मी रात्री साडेनऊला रस्त्यावरच्या नळकांडी पुलाखाली बॅटरी घेऊन उभा होतो. पूर्वी तिथे फरशी होती, पाणी सपाट वाहायचं. आता सिमेंटचे दोन नळ टाकलेत आणि खालची माती वाहून गेल्यामुळे नळाचं तोंड पाण्याच्या दीड फूट वर लोंबतंय. पोट टरटरून फुगलेल्या माद्या उड्या मारत होत्या, नळाच्या कडेवर आपटत होत्या आणि परत खाली. मी चाळीस उड्या मोजल्या. तीन मासे आत शिरले, तिघांनाही आतल्या ओढीनं बाहेर फेकलं. सकाळी त्या सिमेंटवर खवले चिकटलेले होते आणि दोन ठिकाणी अंडी सांडलेली. खालच्या डबक्यात जमलेले सगळे मासे रात्रीतच कोणीतरी घमेल्यानं भरून नेले होते. न्यायला कष्टच नव्हते.

दुसऱ्या वाटेनं थोडे चढलेच. ते खाचरात गेले. मग पाऊस गेला. सातव्या दिवशी खाचराच्या कोपऱ्यात परातीएवढं पाणी उरलं होतं आणि त्यात जिऱ्यासारखी पिल्लं वळवळत होती. दुपारी तेही आटलं.

म्हणून विचारतो. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, कारण विणीचा हंगाम असतो. मग ओढ्या-पऱ्यांत आपण नेमकं विणीलाच का मारतो? सगळा पावसाळा नको, पहिली चढण झाल्यावर आठ दिवस हात आवरता येईल का? तुमच्याकडे असं काही आहे का, होतं का?

---

वायंगणी | १८ एप्रिल, सकाळी ७:४०

दादा, वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे पऱ्याला व्हाळ म्हणतात, मी कुडाळकडची. माझी आजेसासू सांगायची, "गाबोळीचो मासो मारू नको, फुडल्या वर्षाक काय खातलंस?" गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. पण हेही सांगते, तीच आजी खोईन लावायची. फरक इतकाच की खोईन व्हाळाच्या एका कडेला लागायची, दुसरी कड मोकळी. पूर्ण व्हाळ अडवला तर पंचायत बसायची. लिहिलेला नियम कुठे नव्हता.

आता जाळी आडवी टाकतात, ती या काठापासून त्या काठापर्यंत. डोळा एवढा बारीक की बोटही जात नाही.

---

कर्जतकर | १८ एप्रिल, दुपारी १:०५

आमच्याकडे याला वलगण म्हणतात. वलगणीची चिवणी, गाबोळीनं भरलेली, तिचं कालवण म्हणजे वर्षाचं पहिलं सुख. त्यामुळे तुमचा प्रश्न मला सोपा वाटत नाही.

पण आमच्याकडे मासे कोणी मारून संपवले नाहीत, जमीन संपली. माझ्या मामाच्या गावात सतरा एकर चोंढ्याची जमीन होती, पावसाळ्यात गुडघाभर पाणी. २०१६ पासून तुकड्या-तुकड्यानं विकली गेली. प्रत्येकानं आपापल्या प्लॉटवर चार फूट मुरमाचा भराव टाकला आणि कंपाउंडची भिंत घातली. ओहोळ दोन भिंतींच्या मधून, खाली काँक्रीट. वलगणीचा मासा चढून जाणार कुठे? वर शेतच नाही. अंडी घालायला त्याला उथळ, गढूळ, गवताचं पाणी लागतं. भिंतीमधल्या गटारात तो काय करेल?

आठ दिवस मारू नका म्हणणं ठीक आहे, पण भरावाला कोण विचारणार?

---

जलचर_पुणे | १८ एप्रिल, रात्री ११:३१

चांगला धागा. मी गोड्या पाण्यातल्या माशांवर काम करते, म्हणून थोडं विस्तारानं लिहिते.

पहिल्या पावसाचं पाणी आलं की तीन गोष्टी एकदम होतात. पाणी गार होतं, गढूळ होतं आणि प्रवाह वाढतो. माशाच्या शरीराला तोच इशारा, अंडी पिकण्याची शेवटची पायरी त्यावर होते. खाचरात बारमाही पाणी नसतं, त्यामुळे तिथे मोठे भक्षक मासे नसतात, आणि कुजलेल्या गवतावर सूक्ष्म जीव भरभरून वाढतात. पिल्लांना त्याहून चांगलं घर नाही. भात कापायच्या आधी पाणी उतरतं तेव्हा पिल्लं बोटभर होऊन नदीला परततात. म्हणजे नदीतला मासा टिकायचा तर नदी, पऱ्या आणि खाचर तिन्ही जोडलेली हवीत.

मळ्याचं एक वेगळं. त्याच्या खालच्या ओठाला चकतीसारखा चोषक असतो, त्यानं तो ओल्या खडकाला चिकटून जवळजवळ उभा चढतो. म्हणून नळकांडी पुलाच्या वरच्या बाजूला फक्त मळ्ये सापडतात आणि लोक म्हणतात, "आहेत की मासे." बाकीचे खालीच अडकलेले असतात, हे लक्षात येत नाही.

या माशांची मराठी नावं शास्त्रात गेलेली आहेत हे बहुतेकांना माहीत नसतं. कर्नल साइक्स यांनी १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांची वर्णनं केली तेव्हा इथल्याच लोकांकडून नावं घेतली. मळ्या, नुक्ता, कोळस, खुद्री ही नावं आजही लॅटिन नावांच्या शेपटाला आहेत. खुद्री म्हणजे आपला दख्खनी महसीर, मुळा-मुठेतून वर्णन झालेला. आज पुण्याच्या पुलावरून खाली बघा आणि तिथे तो मिळेल का सांगा.

मोठं चित्र हवं असेल तर, जानेवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये जगभरच्या २३,४९६ गोड्या पाण्यातल्या जातींचा आढावा आला. मासे, चतुर-टाचण्या, खेकडे-झिंगे. त्यातल्या २४ टक्के नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत. कारणं तीच, प्रदूषण, धरणं, पाण्याचा उपसा, बदललेली जमीन, बाहेरून आणलेल्या जाती. हवामान या सगळ्यांच्या वर येऊन बसलंय.

---

वाडीवरचा | १९ एप्रिल, सकाळी ९:१८

मी कातकरी समाजातला, रायगडातला. शिकलो, नोकरीला लागलो, पण वाडीवरच राहतो. बंदीचा विषय निघाला की आधी आमच्याकडे बोट जातं म्हणून लिहितोय.

पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या वाडीत रोजगार नसतो. वीटभट्ट्या बंद, लावणी लागायला वेळ. तेव्हा ताटात जे येतं ते नदीतून येतं, मासे, मुठे, चिंबोऱ्या. आठ दिवस बंद म्हणणाऱ्यानं त्या आठ दिवसांत आमच्या घरी काय शिजेल याचं उत्तरही द्यावं.

आणि डोह कोण मारतं ते विचारा. मार्च-एप्रिलमध्ये नदी डबक्यांवर येते तेव्हा मोटरसायकलवरून पोरं येतात, ब्लिचिंग पावडर ओततात. बॅटरी-इन्व्हर्टरचा करंट सोडतात. अर्ध्या तासात डोह पांढरा होतो. ते मोठे मासे उचलतात, बोटाएवढे तरंगत ठेवून जातात. त्या डोहात वाचलेले मासेच जूनमध्ये चढणार असतात! विष आणि सुरुंग लावून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. आमची बाई झोळीत मासे घेऊन चालली तर तिला थांबवतात, ब्लिचिंगवाल्याला धरलेला मी पाहिला नाही.

उन्हाळ्यातला डोह वाचवा. मग वलगणीला दोन-चार खाल्ले तरी काही होत नाही.

---

पऱ्याकाठी | १९ एप्रिल, रात्री ९:५०

@वाडीवरचा, तुमचं म्हणणं पटलं. "सगळ्यांनी आठ दिवस" हे मी घाईत लिहिलं. पोटासाठी खोईन लावणारा आणि फ्रीजर भरायला घमेली नेणारा एका मापानं मोजता येणार नाही. प्रश्न असा बदलतो: पूर्ण प्रवाह अडवणारं जाळं नको, पुलाखालच्या डबक्यातून उपसा नको, आणि उन्हाळी डोहाला राखण.

---

चिपळूणची | २० एप्रिल, दुपारी ४:२२

मी थोडं वेगळं बोलणार आहे, कृपया समजून घ्या. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. आई आणि मी रात्र पत्र्यावर काढली. त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ काढायला लागले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. आजही नदीत पोकलेन दिसलं की मला धीर येतो.

पण गेल्या वर्षी नदीवर गेले तेव्हा जाणवलं की पात्र कालव्यासारखं झालंय. पूर्वी खडकाचे टप्पे होते, मधे डोह, कडेला करंज आणि उंबर झुकलेले. आता सगळं एका पातळीत, कडेला मातीचे ढीग. आमच्या वाशिष्ठीला कोयनेच्या वीजघरांचं पाणी येतं, वर्षाला ६७.५ टीएमसी, त्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहते. एवढं पाणी असून सावली नाही, आडोसा नाही. मासे कुठे राहत असतील?

पूर पण नको आणि नदी पण हवी, असं होऊ शकतं का? खरंच विचारतेय.

---

जलचर_पुणे | २० एप्रिल, रात्री १०:०२

@चिपळूणची, होऊ शकतं. बाहेरून वाहून आलेला गाळ आणि नदीचा स्वतःचा दगड-गोटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुलाजवळ, बेटांवर साचलेला गाळ काढावा. पण पात्रातले मोठे धोंडे, गोट्यांचे पट्टे आणि डोह सपाट करायची पुरासाठी गरज नसते. शिंगट्यांसारखे कितीतरी मासे दगडाच्या कपारीत राहतात. काम सुरू व्हायच्या आधी कोळी आणि कातकरी मंडळींना सोबत घेऊन डोहांवर खुणा केल्या, एवढं तरी झालं पाहिजे. डोह कुठे आहेत हे त्यांच्याइतकं कोणत्याच नकाशाला माहीत नसतं.

---

भोगावती | २१ एप्रिल, सकाळी ६:१५

राम राम. कोल्हापूर जिल्हा, ऊसवाला शेतकरी. आमच्या नदीवर दर चार-पाच किलोमीटरला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. उन्हाळाभर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात, पावसाळ्याच्या तोंडाला काढतात. बरगे काढले की मासा जातो वर. पूर्वी जूनचा पहिला आठवडा ठरलेला, सात तारखेला मृग. आता वळीवच एवढा जोराचा होतो की बरगे असतानाच नदी तुंबून वाहते. मासा बंधाऱ्याला धडका देऊन खालीच अंडी सोडतो.

बरगे मेच्या शेवटी काढा म्हणावं तर आम्हालाच पाणी लागतं. लागण केलेला ऊस जळेल. यात माझाही हात आहे, कबूल करतो.

---

सह्यमुलुख | २१ एप्रिल, दुपारी १२:४०

तलावात बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडून प्रश्न सुटणार नाही का? आमच्या भागात दर वर्षी सोडतात.

---

जलचर_पुणे | २१ एप्रिल, रात्री ९:२०

@सह्यमुलुख, तलावातल्या उत्पादनासाठी ठीक, नदीसाठी बहुतेक वेळा घातक. कावेरीचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. कावेरीत कुबड असलेला नारिंगी पराचा एक प्रचंड महसीर होता, दुसरीकडे कुठेच नव्हता. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याला दख्खनी महसीराची पैदास सुरू झाली, त्यातली बोटुकली हेतू चांगला ठेवूनच कावेरीतही सोडली गेली. आमचा खुद्री तिथे माजला आणि मूळचा कुबडवाला मागे पडला. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. नाव मिळेपर्यंत जायची वेळ आली.

चिलापी या परदेशी माशानं उजनी धरणात काय केलंय ते भिगवणच्या बाजारात जाऊन पाहावं, पाटीत दुसरा मासा शोधावा लागतो. आफ्रिकन मांगूर माशावर केंद्रानं २००० सालीच बंदी घातली, तरी तळ्यांतून निसटून तो ओढ्यांत येतो. तो ओल्या जमिनीवरून सरपटत पुढच्या पाण्यात जातो आणि चढणीच्या माशांची अंडी-पिल्लं खातो.

आशेचं एक सांगते. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमावर महादेवाच्या देवळाच्या कुंडात २०२० मध्ये एक मासा नवा म्हणून नोंदला गेला, शिस्टुरा हिरण्यकेशी. करंगळीपेक्षा लहान. २०२१ मध्ये राज्य सरकारनं ती २.११ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एवढ्याशा माशासाठी! आणि महाडकडे काळ नदीवरच्या वाळणकोंडात देवीचे मासे म्हणून महसीर कोणी मारत नाही, लोक चुरमुरे घालतात. भक्तीनं राखलेला डोह आहे तो.

तुमच्या गावाची जैवविविधता समिती असेल, २००२ च्या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत ती असायला हवी. लोक जैवविविधता नोंदवहीत पऱ्या, डोह, चढणीची जागा नावानिशी लिहून घ्या. लिहिलेलं असलं की पुढचा पूल बांधताना दाखवता येतं.

---

मेलबर्नहून | २२ एप्रिल, दुपारी ३:३३

मूळचा देवरुखचा, इथे जलसंधारण खात्यात नोकरी. इथे मरे-डार्लिंग नदीखोऱ्यात बंधाऱ्यांमुळे देशी मासे घटले, शेवटी एकेका बंधाऱ्यावर माशांच्या वाटा बांधाव्या लागल्या. तरीही मार्च २०२३ ला तिथल्या मेनिंडी गावाजवळ कोट्यवधी मासे मेले, फोटो पाहून झोप लागली नव्हती.

नळकांडी पुलावर स्वस्त उपाय आहे. नळाच्या तोंडापासून खाली दगडांचा लांब उतार रचायचा. एक फूट उंचीला साधारण वीस फूट लांबी धरा, दादांच्या दीड फुटाला तीस फूट. मोठे धोंडे आडव्या ओळींत, मधे फटी, म्हणजे प्रत्येक ओळीमागे माशाला दम घ्यायला शांत पाणी मिळतं. नळाच्या आत तळाला दगड सिमेंटनं बसवले तर वेग कमी होतो. नवीन पूल होणार असेल तर नळ नको, स्लॅबमोरी मागा, तिचा तळ ओढ्याचाच राहतो.

---

पऱ्याकाठी | २२ एप्रिल, रात्री ८:१५

हे तर आमच्या हातचं काम आहे. १ जूनला वाडीची बैठक ठरवतो, पहिल्या आठवड्यात दगड लावतो. तीन नळकांडी आहेत.

---

भोगावती | २७ मे, सकाळी ६:४०

पाऊस आला की हो! बरगे काढायला माणसंच मिळाली नाहीत. आमच्या बंधाऱ्यावरून तीन फूट पाणी चाललंय, बरगे आतच. काल संध्याकाळी बंधाऱ्याखाली मासे एवढे जमले होते की पाणी काळं दिसत होतं, आणि दोन्ही काठांवर माणसं पाग (फेकायचं जाळं) घेऊन. मी दोन तास उभा राहून सांगत होतो. चार जणांनी ऐकलं.

@पऱ्याकाठी, तुमचं काय झालं?

---

वायंगणी | २७ मे, दुपारी २:१०

आमच्याकडेही तेच. देवगडपर्यंत २५ मेलाच मॉन्सून जाहीर झाला. धूळपेरणी राहिली, रोपवाटिका नाही, खाचरं नांगरलेली नाहीत. व्हाळ मात्र भरून वाहतोय. माश्यांका कॅलेंडर कोण दाखवतलो?

---

पऱ्याकाठी | ६ जुलै, रात्री १०:४५

उशिरा लिहितोय, लावणीत होतो.

२४ मेला ते कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी-दापोलीच्या मधून किनाऱ्यावर आलं. पण पऱ्याला पाणी त्याच्या आधीच सुटलं होतं. १ जूनची बैठक राहिली बाजूला. २१ मेला दुपारी आवाज ऐकला आणि मी, माझा भाचा आणि शेजारचे दोघे भर पावसात दगड लावायला उतरलो. चार तासांत एका नळकांड्याला उतार झाला, तीस फूट नाही, अठराच. दुसऱ्याला अर्धा. तिसऱ्याला हातही लागला नाही.

रात्री बॅटरी लावून बसलो. पहिला तास काहीच नाही. मग मळ्ये दगडांच्या कडेनं सरकत आले, ते येणारच होते. साडेदहाच्या सुमारास एक शिंगटी पहिल्या ओळीमागे थांबली, कल्ले हलवत. दुसरी ओळ, थांबली. तिसरी. नळात शिरली. आम्ही चौघांनी श्वास धरला होता. ती परत आली नाही. तिच्यामागून बाराएक मोजल्या, मग पाणी चढलं आणि काही दिसेना. अर्ध्या उताराच्या नळकांड्यावर मळ्यांखेरीज काही गेलं नाही. शिवडा कुठेच दिसला नाही.

मग २९ मेनंतर पाऊस मंदावला आणि २०२३ आठवलं. वरच्या खाचरात पाणी उतरायला लागलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, खाचर आटायच्या बेतात असताना, भाच्यानं बांध फोडून पऱ्यापर्यंत चर काढला, आणि काकूंच्या विहिरीवरून चार दिवस रोज तासभर पाइप लावला. मोटरचं बिल काकूंनी घेतलं नाही. त्यांनी या वर्षी बांधावर तणनाशकही मारलं नाही, विळ्यानं गवत काढलं. १५ जूनच्या आसपास परत पाऊस लागला.

वाडीची बैठक शेवटी २२ जूनला झाली. डोहाला राखण मान्य, आडव्या जाळ्याला मनाई मान्य, खोईन एका कडेला चालेल. दोन घरांनी सही केली नाही. नोंदवहीत पऱ्याचं आणि दोन डोहांचं नाव गेलं. तिसऱ्या नळकांड्याचं काम शासनाच्या यादीत यावं म्हणून स्लॅबमोरीचा अर्ज दिलाय, पोच मिळाली, पुढे काही नाही.

काल त्या वरच्या खाचरात लावणी होती. चिखलात पाय टाकला की घोट्याला काहीतरी टोचल्यासारखं व्हायचं. खाली वाकून ओंजळीत पाणी घेतलं तर पाच पिल्लं, नखाएवढी, मिशा फुटलेली.

---

वाडीवरचा | ७ जुलै, सकाळी ७:०५

मिशा फुटल्यात म्हणजे शिंगट्याच. भात कापायच्या आधी पाणी उतरेल तेव्हा त्यांना परतायची वाट मोकळी ठेवा. तो चर बुजवू नका. मी ऑगस्टमध्ये येतो, तिसऱ्या नळकांड्याला हात लावू.